खालच्या गड्याचा आकडा

प्रिय स्नेहल,

गेल्या गुरुवारी मी तुला पाहिलं. एसटी कापूरहोळच्या फाट्यावर थांबली होती. तू बंडूदादाच्या गॅरेजपुढं बसली होतीस, समोर कुणाची तरी मोटरसायकल उघडून ठेवलेली होती आणि तू एकेक नट डिझेलच्या डब्यात धुऊन फडक्यावर मांडत होतीस. केस कापलेस. खरं तर मी तुला भेटायलाच निघाले होते. कंडक्टरनं विचारलं, कापूरहोळ ना ताई? मी नाही म्हणाले, भोर. तिकीट वाढवून घेतलं, भोरच्या स्टँडवर थोडा वेळ बसले आणि पुढच्या गाडीनं परत फिरले. येताना मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीत बसले, म्हणजे गॅरेज दिसू नये. तुझा जुना नंबर लागत नाही, नवा कुणाकडं मागायची हिंमत नाही. म्हणून हे लिहितेय. मधेच फेकून देऊ नकोस. एवढं एकच मागते.

आईबद्दल आधी सांगते, कारण तू तेच आधी विचारलं असतंस. ती वस्तीवरच आहे. पुण्याला चल म्हटलं की म्हणते, तितं मी भिंतीकडं बघत बसू का? आबांची मेंढरं धाकट्या काकांच्या कळपात गेली, आठ शेळ्या तिनं ठेवल्यात. सकाळी त्यांना घेऊन वरच्या माळाला जाते, दुपारी येते. खाली विंझरला मात्र ती या दहा महिन्यांत एकदाही गेली नाही. ओढ्यापलीकडचा दुकानदार गोरख सामान आणून देतो. ओढ्यावरचा फरशी पूल ओलांडायची वेळ येऊ नये म्हणून मेहुण्यांच्या घरचं लग्नसुद्धा तिनं सोडलं. तुझी आठवण काढायची. त्या पोरीचं कसं चाललंय, जेवती का न्हाई धड, असं दर खेपेला विचारायची. विचारायची, असं लिहिलंय मी. ते का, ते पुढं येईल.

तुला भोरचं आठवतं का? अकरावीला मी वसतिगृहात आले तेव्हा माझ्या तोंडून प्रत्येक वाक्यात 'न्हाई' आणि 'व्हय' यायचं आणि वर्गातल्या मुली मागं वळून बघायच्या. तू चौथ्या दिवशी सगळ्यांसमोर सरांना म्हणालीस, 'मला बी न्हाई कळलं, सर.' भोरच्या बाजारपेठेत वाढलेली तू, तुझ्या घरात असं कुणी बोलत नव्हतं. तेव्हापासून मी तुमच्याकडं जेवायला यायला लागले. पुढं कॉलेज एक, खोली एक, नोकरीही एकाच कंपनीत. आपण एकमेकींचं इतकं वाटून घेतलं की माझं काय आणि तुझं काय हे मला पुष्कळदा कळायचं नाही. आता वाटतं, तीच सवय मला नडली. तुझ्या वाट्याला काय गेलं ते मी नीट पाहिलंच नाही.

ओढ्यांच्या फरशी पुलांसाठी पाणी मोजायची पट्टी करायचं काम आलं, तेव्हा पहिली पट्टी आमच्याच ओढ्यात बसवू या असं मीच म्हणाले होते. दरसाल कुणीतरी वाहून जायचं, निदान एखादं जनावर. २०१९ च्या मे महिन्यात आपण दोघी आलो. आबांनी सिमेंटची पोती खांद्यावरून खाली नेली. पाण्यातल्या पट्टीच्या आतला प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, तुझा, वर खांबावरच्या डब्यात तिचा आकडा वाचून दिवा लावणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, माझा. आबांना ते समजावून सांगायला तू किती वेळ घेतलास. खाली पाण्यात एक गडी बसलाय, तू म्हणालीस, तो पाणी मोजतो आणि आकडा ओरडून सांगतो. वर खांबावर दुसरा बसलाय, तो ऐकतो. घोट्याएवढं पाणी असेतो हिरवा दिवा, त्याच्यावर गेलं की लाल दिवा आणि भोंगा. आबांनी विचारलं, खालच्या गड्याला नवं काय शिकवायचं झालं तर? तू हसून म्हणालीस, तो आता काँक्रीटमधी बसला, आबा, त्याला काय शिकवता येत न्हाई. शिकायचं ते वरच्यानं. आबांना ते पटलं. म्हणाले, म्हाताऱ्या माणसाशी असंच वागावं लागतं.

त्याआधी वस्तीची माणसं पाणी कशी ओळखायची हे तुला मी दाखवलं होतं. फरशीच्या वरच्या अंगाला रेड्यासारखा काळा दगड आहे. त्याची पाठ बुडाली की कुणी ओलांडायचं नाही, मग अलीकडं रात्र काढायला लागली तरी चालेल. दिवा आला त्या पावसाळ्यात आबा दिवा आणि दगड दोन्ही बघायचे. दिवा कधी चुकला नाही. तिसऱ्या पावसाळ्यापासून दगडाकडं कुणी बघेनासं झालं. आबा तर इतरांना ओरडायचे, अरे, एवढा दिवा लावलाय पोरींनी, दगडाकडं काय बघतोस. सहा वर्षं तुझा गडी पाण्यात बसून बरोबर आकडा सांगत राहिला.

पुढं तू दुसऱ्या कामावर गेलीस आणि पट्ट्यांचं सगळं माझ्याकडं आलं. जाताना तू चार पानांची टीप लिहून ठेवली होतीस. 'या पट्ट्या सेंटिमीटरमध्ये बोलतात, त्यांना आवृत्ती विचारली तर गप्प बसतात, कारण पहिल्या खेपेला आवृत्तीचा नंबर घालायचं माझ्याकडून राहिलं, ते नुसतं गप्प बसणं हीच त्यांची ओळख समजा.' असं तू सरळ लिहिलं होतंस. आपली चूक इतक्या उघडपणे लिहिणारी दुसरी कुणी मला भेटली नाही. नंतर नव्या पट्ट्या आल्या, दुसऱ्या कारखान्याच्या. त्या मिलिमीटरमध्ये बोलतात आणि आवृत्ती सांगतात. मी ड्रायव्हरमध्ये तसंच केलं. उत्तर आलं तर नवी पट्टी, आकडा आहे तसा घ्यायचा. उत्तर नाही आलं तर जुनी, आकड्याला दहानं गुणायचं. दोघांचं बोलणं कळत होतं, कुणाचं काही अडत नव्हतं.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी आम्ही सगळ्या डब्यांवर नवं कर्नेल, म्हणजे आतली मूळ प्रणाली, चढवत होतो, आणि पानशेतकडच्या दोन पुलांवर भोंगे उगाच वाजायला लागले. नवी पट्टी झोपेतून उठताना पहिला सेकंद उत्तर देत नव्हती. ड्रायव्हर तिला जुनी समजायचा, आकडा दहापट करायचा, आणि कोरड्या ओढ्यावर लाल दिवा लागायचा. शनिवार-रविवारी आलेली पुण्याची माणसं, हॉटेलवाले, सगळे फोन करायला लागले. ऑफिसातून सोनिया मॅडम दिवसातून तीनदा विचारायच्या, झालं का. पाऊस आठवड्यावर आला होता. मी ड्रायव्हर उघडला आणि एक ओळ उलटी केली. उत्तर नाही आलं तर नवी समजायचं.

इथवर वाचून तुला सगळं कळलं असेल. तरी मी लिहिते, कारण ते माझ्या हातानं एकदा लिहिलं गेलंच पाहिजे.

बावीस जुन्या पट्ट्यांपैकी एकवीस तोवर बदलल्या होत्या. एक राहिली होती, आमच्या ओढ्यातली. तिचा पाया खडकात आहे, ठेकेदार उन्हाळ्यात करतो म्हणाला होता. त्यानं ती बदलली नाही हे मला माहीत होतं, स्नेहल. पंधराच दिवसांपूर्वी मी घरी जाताना त्या फरशीवरून चालत गेले होते आणि जुन्या पट्टीचा तो गंजलेला पाइप मी डोळ्यांनी पाहिला होता. ओळ उलटी करताना तो माझ्या डोळ्यांपुढं आला नाही, असं मी स्वतःला कितीतरी दिवस सांगत होते. ते खोटं आहे. आला होता. मनात म्हणाले, हे पाठवते, भोंगे बंद होऊ देत, मग आमच्या ओढ्याचं सोमवारी बघते. बदल पाठवायच्या पानावर एक चौकोन असतो, 'जुन्या फर्मवेअरवर तपासले'. तपासायला ठेवलेली जुनी पट्टी कपाटावरच्या खोक्यात होती. खोकं काढायचं, पट्टी जोडायची, अर्ध्या तासाचं काम. मी चौकोनात खूण केली आणि पाठवून दिलं. भोंगे बंद झाले. मॅडमनी मेसेजमध्ये अंगठा पाठवला. सोमवारी दुसरंच काम आलं.

जुलैत काय झालं ते तुला ठाऊक आहे, पण गोरखनं मला सांगितलेलं सगळं तुला ठाऊक नाही. आईनं आणि मी ते कुणाला सांगितलं नाही. दुपारचे चार वाजले होते. आबा विंझरहून मेंढरांचं औषध घेऊन आले. पाणी फरशीवरून गढूळ वाहत होतं, किती खोल ते दिसत नव्हतं. गोरखनं दुकानातून हाक मारली, आबा, वर लई पाऊस झालाय, थांबा जरा, चहा घ्या. आबा थांबलेसुद्धा. खांबाकडं बघितलं आणि त्याला म्हणाले, 'हिरवा हाय की रं. माझ्या सुपीचा दिवा हाय त्यो.' मग धोतर वर खोचलं आणि निघाले. थोडं आत गेल्यावर पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा ते एकदा मागं वळले, गोरख म्हणतो. खांबाकडंच बघत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन मैल खाली सापडले. पट्टीही त्याच पुरात उखडून गेली.

डब्यातली नोंद कंपनीनं काढली. चार वाजताचा आकडा होता बारा पूर्णांक आठ सेंटिमीटर, घोट्याएवढा, म्हणून हिरवा. सगळे म्हणाले, एवढ्या पुरात बारा? पट्टीनंच चुकीचं सांगितलं. ड्रायव्हर तर जुन्या फर्मवेअरवर तपासलेला आहे, ही बघा खूण. म्हणजे चूक फर्मवेअरची. आवृत्ती नसलेलं, पहिल्या खेपेचं, स्नेहलनं लिहिलेलं फर्मवेअर. तिच्याच टिपेत लिहिलंय बघा, माझ्याकडून राहिलं म्हणून. तुझा प्रामाणिकपणा त्यांनी तुझ्याविरुद्ध असा वापरला, आणि त्यांना तो वापरता आला माझ्या त्या खुणेमुळं. नोंद तुला कुणी दाखवली नसणार. दाखवली असती तर तू एका नजरेत ओळखलं असतंस. पट्टीनं एकशे अठ्ठावीस सांगितलं होतं. बरोबर सांगितलं होतं. वरच्यानं ते मिलिमीटर समजून ऐकलं.

मी तो आकडा पाहिला तेव्हाच मला कळलं. तरी आबांना पोचवून आल्यावर पाचव्या दिवशी मी पुण्याला गेले, खोकं काढलं आणि पट्टी बादलीत उभी केली. तीस सेंटिमीटर पाणी होतं. पडद्यावर तीन आलं. मी बादली रिकामी केली, फरशी पुसली, पट्टी परत खोक्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बसून ड्रायव्हर दुरुस्त केला. उत्तर आलं नाही तर पुन्हा तीनदा विचारायचं, तरीही गप्प असेल तरच जुनी समजायचं. जेवायच्या आत झालं, दोन्ही तऱ्हेच्या पट्ट्यांवर तपासून. त्याच्यापुढं मी 'किरकोळ सुधारणा' असं लिहिलं आणि दहाव्याला घरी आले.

दहाव्याला तू आलीस. तू येशील असं मला वाटलं नव्हतं. तुझ्यावर ठपका ठेवणारं कंपनीचं पत्र तुला आदल्याच दिवशी मिळालं होतं. माणसं बसली होती, तू चपला काढल्यास, सरळ आत गेलीस आणि आईच्या पायांवर डोकं ठेवलंस. म्हणालीस, 'माझ्यामुळं गेले, आई. माझ्या हातचं होतं ते.' आईनं तुला उठवलं, छातीशी धरलं, म्हणाली, मुद्दाम कोण करतंय बाय. मी दारात उभी होते, हातात चहाचं ताट घेऊन. तू माझ्याकडं पाहिलंस. मला वाटलं आता बोलावं, आता नाही बोलले तर कधीच नाही. आणि मी तुला चहा दिला. तू तो घेतलास, स्नेहल. दोन घोट घेतलेस आणि मला म्हणालीस, मला माफ कर. मी मान हलवली. मी तुला माफ केलं!

त्यानंतर तू नोकरी सोडलीस, ठरलेलं लग्न मोडलंस, कॉम्प्युटरला हात लावत नाहीस असं ऐकलं. प्रत्येक बातमी माझ्यापर्यंत पोचत होती आणि प्रत्येक वेळी मी म्हणायचे, आता सांगते. माझं कारण मोठं गोंडस होतं. आईला कळलं तर ती मरेल. तिचा नवरा गेला, मुलगीही जायला नको. असं दहा महिने चाललं. मी कामावर जाते, जेवते, हसतेसुद्धा. झोप लागते. तेच सगळ्यात भयंकर आहे. आपल्याला झोप येणार नाही असं मला वाटलं होतं.

या रविवारी मी आईला सांगितलं. ती अंगणात शेळीच्या पायातला काटा काढत होती. ड्रायव्हर, फर्मवेअर तिला काय सांगणार. मी म्हणाले, खालचा गडी खरं बोलला होता, वरच्याला मी चुकीचं ऐकायला शिकवलं, आणि न तपासता तपासलं म्हणून लिहिलं. तिनं काटा काढला, शेळीला सोडलं. हात पुसले. मला वाटलं रडेल, मारेल. तिनं एकच विचारलं, 'ती पोरगी माझ्या पाया पडली, तवा तू कुठं व्हतीस?' मी म्हणाले, दारात. ती उठली, काठी घेतली, आणि उंबऱ्यापाशी थांबून म्हणाली, 'तुझ्या आबाचं मी समजून घेईन. चूक व्हती. त्या पोरीचं न्हाई समजत मला.' शेळ्या घेऊन गेली. संध्याकाळी भाकरी केली, माझं ताट वाढलं, पण बोलली नाही. अजून बोलत नाही.

सोमवारी मी सोनिया मॅडमकडं गेले, नोंद दाखवली, बादलीचं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाल्या, आता हे कशाला काढतेस, स्नेहल तर स्वतःच मान्य करतेय. मग त्यांनी मला सांगितलं की तालुक्याची चौकशी संपत आलीय, येत्या अकरा तारखेला तू वेल्ह्याला येऊन जबाबावर सही करणार आहेस, दोष तुझ्याच फर्मवेअरचा होता म्हणून, आणि त्यासाठी वकीलही घेतला नाहीस. तू सही केलीस की प्रकरण मिटेल, सगळ्यांच्याच सोयीनं. म्हणून हे पत्र. माफी मागायला मी हे लिहिलेलं नाही. ती एकदा मी उलट्या बाजूनं घेतली आहे, आता मागायची लाज वाटते. सोबत त्या ओळीची छापील प्रत आहे, खुणेचं पान आहे, नोंद आहे, आणि माझा लिहून सही केलेला जबाब आहे. त्याचीच एक प्रत मी काल तालुक्याच्या कचेरीत दिली, पण तिथं तो कागद कोण वाचेल, कधी वाचेल, मला भरवसा नाही. अकरा तारखेला मी तिथं असेन. माझ्याकडं बघू नकोस, माझ्याशी बोलू नकोस. फक्त सही करू नकोस, स्नेहल. तुझं काही चुकलेलं नाही.

जिला आता 'तुझीच' म्हणवत नाही ती,
सुप्रिया